तीनदा चुकल्यावर

काळ्या पडद्यावर इवलंसं कुलूप,
शेजारी लुकलुकणारी रिकामी चौकट.
विंडोज वगैरे फार पुढची गोष्ट,
हा उंबऱ्यावरच अडवून विचारतो, कोण?
मीच रे, मीच.
तेरा वर्षं माळ्यावर तुला मीच ठेवलं होतं,
फाटक्या तंबूच्या खाली.

तीनदा चुकलं की एक लांबलचक आकडा दाखवतो
आणि मिटतो.
परत बटण, परत तीन संधी.

मिरजेच्या नर्सिंग कॉलेजातला रोल नंबर.
नाही.
एम एच दहा, पुढे स्कूटीचा नंबर.
नाही.
शेंगोळे.
त्या दिवसांत मी मराठीच शब्द ठेवायचे,
इंग्रजी अक्षरांत लपवून,
इथल्या कुणाला हुंगता येऊ नयेत म्हणून.
पण ळ साठी एक एल घेतला असेल की दोन?
इथे लानेल्लीत दोन एल म्हणजे
जिभेच्या कडेने सोडलेला वारा.
हे मला आज ठाऊक आहे.
कुलूप घातलं तिला नव्हतं.

शनिवारी चॅपलच्या मागच्या खोलीत गेथिन बसतो.
पोर्ट टॅल्बटच्या भट्टीवर तीस वर्षं काढली,
आता लोकांचे टोस्टर, रेडिओ जुळवतो,
मजुरी म्हणून केकचा तुकडा.
त्याने लॅपटॉप पालथा घातला.
अकरा स्क्रू, अंड्यांच्या खोक्याच्या खळग्यांत एकेक.
कीबोर्डखाली धूळ, केस,
आणि एक मोहरी.
कुठल्या फोडणीतून उडाली होती कोण जाणे,
तडतडायची राहूनच गेली.

नाण्याएवढी बॅटरी काढून तो म्हणाला,
"आता चहा. विसरायला त्याला जरा वेळ देऊ."
एक चहा झाला. दुसरा झाला.
बाहेर पाऊस आडवा पडत होता, नेहमीसारखा.
बॅटरी परत बसवली,
कुलूप जिथल्या तिथे.
"हं. हा वीज गेली तरी न विसरणाऱ्यातला."
मग त्याने माझ्याकडे केसातली पिन मागितली,
भिंग लावून एक चिप शोधली,
तिळापेक्षा मोठी, मुगापेक्षा लहान,
आणि तिचे दोन पाय पिनेने जोडले,
शिंक येऊन जावी तेवढा वेळ.

कुलूप गेलं.

"शब्द कोणता होता?" मी विचारलं.
गेथिन चष्मा पुसत होता.
"तो सापडत नसतो, बाख.
पुसला तेवढा जातो."

मग यंत्राने मला तारीख विचारली.
त्याच्या घड्याळात एक जानेवारी, दोन हजार सात.
म्हणजे मी अजून निघालेलेच नाही,
पासपोर्टचे फोटो काढायचेत,
अण्णा बँकेत रांगेत उभे आहेत,
आणि पुढे काय काय होणार
हे या चौकोनी डबड्याला माहीत नाही.
मी लगेच तारीख घातली नाही.
गेथिनला वाटलं, आकडे दिसत नसावेत. त्याने दिवा ओढला.

आत काय निघालं?
तीन धूसर फोटो, खिडकीतून काढलेल्या बर्फाचे.
एक हिशोबाची फाईल.
पाव, पंच्याण्णव पेन्स, गुणिले एकोणऐंशी.
छत्री. बसचा पास. पुन्हा छत्री.
एका गाजरापाशी नुसती उद्गारचिन्हं.
ही फाईल मी कुणापासून लपवत होते?
खोलीतल्या त्या फिलिपिनो मुलीपासून,
जी स्वतःही वहीत हेच करायची?

एकोणीस मार्चला सफरचंदं,
फक्त पौंडांत.
पुढचा रकाना रिकामा.
मग सगळेच रिकामे.

त्या दिवशी काय झालं होतं, आठवत नाही.
कुणी मरण पावलं नव्हतं,
पगार वाढला नव्हता.
बहुतेक घाईत असेन.

"महत्त्वाचं काही?" गेथिनने विचारलं.
"भाजीचा हिशोब," मी म्हटलं,
आणि तो इतक्या आदराने मान हलवत राहिला
की मला हसू आलं.

नवा पासवर्ड टाका, यंत्र म्हणालं.
मी नुसतं एंटर दाबलं.
खात्रीसाठी पुन्हा टाका.
पुन्हा एंटर.

घरी येताना पिशवीत लॅपटॉप,
कोटाच्या खिशात उरलेला एक स्क्रू,
जो कुठल्याच भोकात बसेना,
आणि कागदाच्या पुडीत
ती मोहरी.