इतर उत्पन्न

एका रविवारी कर्वेनगरच्या स्टुडिओत
मी लिफ्टसाठी बोलले.
'तळमजला. पहिला मजला.'
असं अठ्ठाविसाव्यापर्यंत.
मग 'दरवाजा बंद होत आहे', सतरा वेळा,
कारण त्यांना 'होत'मधला ह जरा मऊ हवा होता.

साठ हजार ठरले. चोपन्न आले.
मला वाटलं, गंडवलं.

भिलारे सीएंनी चष्मा कपाळावर सरकवला.
"गंडवलं कसलं, टीडीएस आहे हा.
तुमच्या पॅनवर जमा दिसतोय.
पण एकदाच केलं म्हणून सुटत नाही ताई,
पगारात मिळवायचं, तुम्ही वीस टक्क्यांत,
म्हणजे अजून साधारण तेवढेच भरा.
खर्च काही?"

रिक्षा. आलं. ज्येष्ठमध.

"ज्येष्ठमधाची पावती?"

मी हसले. ते नाही हसले.

घरी कुणाला सांगितलं नव्हतं.
बावीस वर्षं बँकेच्या काउंटरवरून
'पुढचे या' म्हणत आले,
त्याची नोंद कुठल्या वहीत नाही.
आणि इथे स्क्रीनवर
माझं नाव, तारीख, रक्कम.
म्हणजे सरकारला ठाऊक आहे,
मला आवाज आहे.

सहा हजारांत वाईट नाही.

नारायण पेठेतल्या त्या इमारतीला लिफ्ट नाही.
चलन पर्समध्ये घालून उतरताना
मी हळूच म्हणाले, 'दुसरा मजला.'
खालून येणारा कुरिअरवाला थबकला,
भिंतीला चिकटून उभा राहिला
मी जाईपर्यंत.