सही

फाटकाला प्लास्टिकच्या पट्टीने बांधलेली नोटीस
भिजून फुगली आहे:
एकशे चाळीस घरं, एक तळं, मुलांसाठी झोके.

मिसेस टफनेल दारात, हातात क्लिपबोर्ड.
"गावाचं हे शेवटचं शेत," म्हणतात.

आमच्या गल्लीचं नाव स्कायलार्क क्लोज.
चार वर्षांत चंडोल एकदाच ऐकला,
तोही कुंपणापलीकडे,
जिथे आता लाकडी खुंट्या ठोकल्यात.

पहिल्या वसंतात लॉनमधून
सातूचे कोंब वर आले होते, ओळीने,
कुणी पेरून विसरल्यासारखे.
सुहृदने त्यांच्यावरून मशीन फिरवलं.
मी काही बोलले नाही.
घराचा हप्ता नुकताच सुरू झाला होता.

आणि नदीन,
केअर होममध्ये माझ्याबरोबर रात्रपाळी करणारी,
दोन बस बदलून येते,
परतीची चुकली तर लाँड्रीतच निजते.
कौन्सिलच्या यादीत नाव घालून सहा वर्षं झाली.
या एकशे चाळीसांतलं एक तरी तिला परवडेल का,
ते नोटिशीत नाही.

पेन घेते. अर्जाला जोडलेला नकाशा जुना निघतो.
बोट फिरवत आमचं घर शोधते:
ओढा, चर्च, वळणावरचा ओक,
मग नुसता हिरवा रंग
आणि त्यात एकरांचा आकडा.

"इथे राहतो आम्ही."

मिसेस टफनेल चष्मा वर करून वाकतात.
"हो की. इथूनच कुत्रा फिरवायचो आम्ही."

चहा टाकते, म्हणते मी.
त्या उंबऱ्यातच बूट काढतात.
पायपुसण्यावर थोडं शेत सांडतं.