चाळीस सेकंद

मारुती आठशे, अठ्ठ्याण्णवची, आंध्राचं पासिंग.
डॅशबोर्ड उचकटून खाटेवर उताणा टाकलाय
आणि मागं नुसत्या वायरी:
लाल, पिवळी, एक तपकिरी जी कुठंच जात नाही,
आणि वरंगळच्या कुणा मेस्त्रीनं
चिकटपट्टी गुंडाळून वीस वर्षं जगवलेला जोड.
तो मी शेवटपर्यंत सोडवला नाही.

रेडिओच्या जागी भोक. स्क्रीन सात इंची,
भोक साडेसहा.
मुबारक मुलाणी कानस घेऊन आला,
"प्लास्टिक जुनं झालंय ताई, दमानं," म्हणत
त्यानंच दात-ओठ खाऊन घासलं.
चौकट ॲल्युमिनियमच्या पट्टीची,
ट्रकच्या बॉडीवाल्याकडनं वाकवून घेतलेली, एका कोपऱ्यात जरा जास्तच.
तळहाताएवढा बोर्ड स्पंजवर निजवला,
कारण रेवणगावच्या घाटात
हाडंसुद्धा आपापल्या जागी राहात नाहीत.

आण्णा स्टुलावर.
वरंगळला तीस वर्षं गलाई:
मूस, सवागी, तेजाबाचा पिवळा धूर.
बोटांचे ठसे उमटत नाहीत,
आधारवाल्या पोरानं तीनदा परत पाठवलं.
माझी राळ वितळली तसं त्यांचं नाक हललं.
"किती तापवतीस?"
साडेतीनशे.
"ह्याला इस्तू म्हणत न्हाईत. ऊब म्हणत्यात."

पहिला बोर्ड उलट्या वायरीनं गेला होता.
तो त्यांनी उन्हात धरला,
कडेच्या सोनेरी दातांवरनं नख फिरवलं,
"गुंजंचा चौथा हिस्सा. तेजाब म्हाग पडंल."
आणि खिशात घातला.

किल्ली फिरवली की बारा व्होल्टचे सात होतात.
इंजिन उठतं, कॉम्प्युटर मरतो.
तीन संध्याकाळी हेच.
शेजारच्या काकू भिंतीवरनं विचारायच्या,
लागली का गं?
गाडी तर केव्हाच लागली होती, काकू.
मग सांगलीहून एस्टीच्या पार्सलनं कन्व्हर्टर आला,
काडेपेटीएवढा,
सातचे परत बारा करणारा.

आणि किल्ली काढली तरी
लगेच वीज तोडायची नसते.
एक रिले बसवला, चाळीस सेकंदांचा.
तेवढ्यात तो पसरलेलं सगळं आवरतो,
नकाशा, गाणं, टाकीत किती, आज किती चाललो,
दुकान वाढवताना आण्णा काटा पुसायचे
तसं.

भिवघाटापर्यंत चाचणी.
नकाशातली बाई म्हणाली, पुढे सरळ जा.
"हिला काय ठावं," आण्णा म्हणाले.
हितं जाल्याचा टेंपो उलटला, दोन दिवस गूळ गोळा करत होतो.
हितं तुझी आई पहिल्यांदा म्हणाली, मी न्हाई येत वरंगळला.
हितं तू दर दिवाळीला झोपंतनं उठायचीस,
आलं का विटं?
मी एकेक जागी गाडी थांबवून
स्क्रीनवर बोट ठेवलं, नाव टाईप केलं.
गूळ.
नाही येत.
आलं का.
बाई ते वाचून दाखवते आता,
शहरी स्वरात, 'ळ' चा 'ल' करत.

रात्री दारात गाडी लावली.
किल्ली काढली, आण्णा उतरेनात.
स्क्रीनचा निळा उजेड त्यांच्या गुडघ्यांवर,
आणि ते मोजत होते, ओठातल्या ओठात,
तोळे-मासे ज्या भाषेत मोजले त्या भाषेत,
ओकटी, रेंडू, मूडू...
घरी ते कधी तेलुगू बोलले नाहीत.
मी दारात, हातात चप्पल.

उजेड गेला.
अंधारात थोडा वेळ पंख्याची घरघर, मग तीही नाही.

"अडतीस," आण्णा म्हणाले.
"दोन कमी देतंय.
मापात मारतंय तुझं मशीन."

मी बॅटरी तोंडात धरली
आणि पहिला स्क्रू काढायला बसले.