पिकूंसाठी अडीच फूट

आधीच्या भाडेकरूनं टाकी इथंच सोडलेली:
अडीच फूट, एका कोपऱ्यात सिलिकॉन सुटलेलं,
तळाशी निळी खडी
आणि प्लास्टिकचा पाणबुड्या.
खडी मी कुंड्यांना दिली.
पाणबुड्या अजून मीटर-बॉक्सवर उभा आहे,
रीडिंगवाल्याची वाट बघत.

कोपरखैरण्याच्या दुकानदारानं आधी गोल्डफिश दाखवले,
मग फ्लॉवरहॉर्न. "वास्तूला चांगला, मॅडम."
मी म्हटलं, गवळीदेवच्या ओढ्यातला मासा हवाय,
बोटाएवढा, डोक्यावर पांढरा ठिपका असतो तो.
सराफाकडे जाऊन तुरटी मागितली असावी
तसं त्यानं माझ्याकडे पाहिलं.

नाव सांगितलं चाहू मढवीनं.
आमच्या गल्लीचा व्हॉल्व्ह तो फिरवतो,
पहाटे सहाला उघडा, सातला बंद.
"पिकू बोलतान त्याला. खायाला नाय, खेलाला."
आता सेक्टर नऊ आहे तिथं त्याच्या बापाची खाचरं होती.
बांधाच्या फटीत हात घातला की पिकू,
ओंजळीत धरला की ठिपका,
समईच्या वातीएवढा.
"मेला का इझतो," एवढं सांगून
तो पुढच्या व्हॉल्व्हकडे गेला.

नळाचं पाणी दोन रात्री बादल्यांत निजवलं.
बागेतून बदामाची वाळकी पानं वेचली,
सकाळी चालणाऱ्या बायका वळून वळून बघत होत्या.
मनी प्लांटची मुळं पाण्यात सोडली.
मग सहा आठवडे काहीच केलं नाही.
हेच अवघड.

पाण्याला मुरावं लागतं.
रोज चिमूटभर खाद्य रिकाम्या टाकीत टाकायचं,
डोळ्यांना न दिसणाऱ्या कुणाकुणासाठी.
श्रीरंग विचारायचा, हा उपास किती दिवसांचा?
पाणी आधी तांदळाच्या धुवणासारखं झालं,
मग चहाच्या रंगाचं,
आणि एका सकाळी असं नितळ
की वाटलं रात्रीत कुणीतरी ओतून नेलं.

डिसेंबरात ओढा डबक्याडबक्यांचा उरला
तेव्हा चाहूनं रंगाच्या डब्यातून पाच आणले.
डबा तासभर टाकीतच तरंगत ठेवला,
मग हळूच कलता केला.
तळाची मी इतकी सजावट केलेली,
त्यांनी ढुंकून पाहिलं नाही.
वरच्या दोन इंचांत राहिले,
नाक पाण्याच्या छताला टेकवून,
पाच ठिपके, पाचही खिडकीकडे.
फ्लेक्स थुंकून टाकले.
शेवटी मीच दारं उघडी ठेवून
संध्याकाळचे डास घरात घेतले.

चौथ्या रात्री एक उडाला.
झाकणाला वायरीपुरती फट होती, तेवढीच.
सकाळी चपलांच्या रॅकखाली सापडला,
पालीच्या शेपटीसारखा वाळलेला.
मी आधी ठिपका पाहिला.
होता, पण राखेचा.
त्याला तुळशीत पुरलं,
फटीवर चहाच्या गाळणीची जाळी शिवली,
आणि चाहूला काही बोलले नाही.

तो वर आला संक्रांतीला, तिळगुळाच्या निमित्तानं.
गुडघ्यांवर हात ठेवून वाकला.
ओठ हलले, मोजत होता.
मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच कप धुतले.
"उडतानच ते," तो बाहेरून म्हणाला,
"पानी कमी जालं का बांधावरना उडायचे,
पल्याडच्या खाचरान."
काचेवर बोटानं एक रेघ ओढली,
पल्याड बहुधा.
"हितं पल्याड नाय."

मग चहा घेतला.
लाइटचं बिल किती येतं ते विचारलं.
तिळाच्या दोन वड्या नातीसाठी कागदात बांधल्या
आणि जिना उतरताना, मागे न बघता:
"पानी कंच्या दिवशी बदलता?"
शुक्रवारी, मी म्हटलं.

शुक्रवारी नळाला पाणी
सव्वासातपर्यंत होतं.