चार बोल्ट

मच्छ्याच्या बंद पडलेल्या कारखान्यातून
किलोच्या भावानं आणला शेगडा.
काट्यावर एकेचाळीस भरला.
रिक्षात मीच धरून बसले,
साडीला लागलेलं ग्रीस
अजून निघालेलं नाही.

आमचं टेबल मत्तीचं,
खानापूरच्या लाकूड-अड्ड्यावरची तीन इंची फळी.
आधीच्या शेगड्याला ह्यांनी वरून स्क्रू मारले होते.
सहा.
सगळे म्हणाले, पुरे की.
एका दुपारी पाइप पिळताना
शेगडा स्क्रूंसकट उठला, दाढ उपटावी तसा,
आणि ह्यांच्या पायावर बसला.
अंगठ्याला नख परत आलंच नाही.

सातेरी मिस्त्री आला तो थेट टेबलाखाली शिरला.
"वरून काय बघूलीस?
ओझं कुठनं खाली उतरतंय ते बघ.
मधे नको ठेवू. टेबलाच्या पायावर घे.
आतला जबडा कडेच्या जरा बाहेर,
लांब पट्टी उभी धरलीस तर
जमिनीपर्यंत जायला पायजे."

कानामागची पेन्सिल, चार खुणा,
मग भोकं आरपार.
ड्रिलच्या टोकावरून भुसा उतरला
निपाणीच्या तंबाखूच्या रंगाचा.
चुलीजवळ बसल्यासारखा वास.
खालून लोखंडी पट्टी,
वॉशर मोठे, बशीएवढे.

बसलिंग खाली उताणा, नट धरून.
वरून पाना माझ्या हातात.
"बिगी?" तो खालून ओरडला.
मला वाटलं, घाई करतोय.
मी भरभर फिरवलं,
पाना सटकला, दोन बोटांची सालं गेली.
"अगं, बिगी म्हणजे घट्ट झालं का विचारतोय तो,"
मिस्त्री हसायला लागला.
"दोन्ही बिगी बरोबर.
फक्त एका वेळी नकोत."

मग सावकाश.
एक बोल्ट थोडा, समोरचा थोडा,
पुन्हा पहिला.
बसलिंग विचारत राहिला, बिगी? बिगी?
मी म्हणत राहिले, इन्नू इल्ला,
अजून नाही.
शेवटी लाकूड जरासं करकरलं,
तेव्हा दोघंही गप्प झालो.

"दिवाळीनंतर फळी आकसंल,
पाव फेरा मागंल. विसरू नको,"
मिस्त्रीनं हात पुसले.

हे आले, चप्पल घासत.
काही बोलले नाहीत.
जबड्यात पाइप अडकवला,
त्याच पायावर जोर देऊन
सगळ्या अंगानं ओढला.

शेगडा हलला नाही.
अख्खं टेबल हललं, चार बोटं, फरशीवर कर्रकन्.

"आता टेबल जमिनीला," मिस्त्री म्हणाला,
आणि खाली बसून
चहा कुठाय विचारलं.