पिवळ्या रेघेच्या अलीकडे

पिवळ्या रेघेपलीकडे बॅटरी बदलायची नाही.
तेलाच्या वाफेला निमित्त पुरतं.
म्हणून तार्मो टाकीवरून उतरतो
एकशे बारा पायऱ्या, मुउगा बंदराचा वारा कानांत,
आणि पत्र्याच्या खोलीत हातमोजे काढून
चार स्क्रू बशीत ठेवतो.

वायर हात-हात करत बोटांतून सोडतो,
कुठे सोललीय का, कुठे पीळ.
प्रोबच्या टोकाचा चिकटा पुसतो फडक्याने.
मग थर्मासात कुटलेला बर्फ, थोडं पाणी,
आणि वाट बघणं.

शून्य पूर्णांक एक.
वहीत लिहितो. वरच्या ओळींतलं अक्षर हेल्योचं,
ती शून्याला शेंडी ठेवायची.

काढलेल्या बॅटऱ्या टाकवत नाहीत.
नियमाने संपल्यात, तशा नाहीत.
फाटकाबाहेर, डब्याच्या पिशवीतून, घरी जातात:
भिंतीवरचं घड्याळ,
आईचा रेडिओ,
नातीचा ससा, जो दर वेळी चुकीचा आकडा मोजतो.

पुन्हा वर.
आधी अर्थिंगचा चिमटा टाकीला, मग झाकण.
हा क्रम हेल्योने ओरडून शिकवलेला,
तोही भर बर्फात, सगळ्यांदेखत.

चिमटा लावून तो क्षणभर थांबतो.
कुणी ओरडत नाही.
झाकण उघडतो.