भोपळा

पेल्टनच्या मैदानात धावफलकाला वीज नाही.
आत एक शिडी, गांधीलमाश्यांचं पोळं,
खिळ्यांना टांगलेल्या पत्र्याच्या पाट्या,
आणि मी.
दिवसा इस्पितळात लोकांच्या रक्तातल्या पेशी मोजते,
संध्याकाळी बगळ्यांच्या धावा.

हेरन्स हे टीमचं नाव. मी बगळे म्हणते.
इलिनॉय नदीकाठच्या गावाला शोभतं,
आणि सेंटर फील्डचा हॅल्वर्सन
एका पायावर भार टाकून असा उभा राहतो
की बकध्यान हा शब्द वीस वर्षांनी आठवावा.
मासा आला की पापणी लवायच्या आत गट्ट.

पहिले सात सामने हरलो.
मे महिना नुसता भोपळ्यांचा.
पाट्यांमध्ये शून्यं बावीस, बाकी आकडे चार-चार;
ज्यानं कुणी हा फलक बांधला
त्याला आपली टीम ठाऊक होती.
तिकिटं विकणारी वँडा म्हणाली,
"एकतीस वर्षं झाली. सवय होते."
मी तिला सांगितलं, आमच्या गणिताच्या बाई
शून्याला पूज्य म्हणायच्या,
पूज्य म्हणजे ज्याच्या पाया पडावं ते.
"मग आमच्याइतकं भाविक गाव नाही," वँडा म्हणाली.

जूनमध्ये काय फिरलं, मला विचारू नका.
नदी आउटफील्डपर्यंत आली, गाळ ठेवून गेली.
छपरं शाकारणाऱ्या टिब्सनं
स्वतःच्याच अंगठ्यावर हातोडी मारून घेतली;
परतला तो जोर लावायचं विसरून,
आणि चेंडू बॅटला लागायला लागला.
धान्यकोठारावरचा ब्रांट
केसांत मक्याचा भुसा घेऊन यायचा,
त्याचा चेंडू ऐन वेळी खाली बसायचा
पाळी संपलेल्या माणसासारखा.
यादिएल, मांसाच्या कारखान्यातली रात्र संपवून,
शॉर्टस्टॉपला उभ्या उभ्या जांभई द्यायचा
आणि ती अर्धीच टाकून पळायचा.
थोर कुणीच नव्हतं. एवढंच की
जुलैत मला चाराच्या पाटीवरचा गंज खरवडावा लागला.

आता हे नीट समजून घ्या.
पाटी लावली नाही तोवर ती चौकट म्हणजे खिडकी.
सामना सुरू होतो तेव्हा मला सगळं मैदान दिसतं.
डावागणिक एकेक खिडकी बुजत जाते,
निकाल लागतो तेव्हा मी अंधारात असते,
गाव ओरडलं की कळतं.

अंतिम सामना. सप्टेंबरची अखेर.
घराघरांच्या पायऱ्यांवर भोपळे मांडलेले,
आणि फलकावरही, वरच्या ओळीत, खालच्या ओळीत.
नऊ डाव. दहा. चौकटी संपल्या.
पाट्या उतरवून पुन्हा पहिल्यापासून.
अकरा, बारा. पूज्य, पूज्य, पूज्य, पूज्य.
गांधीलमाश्यासुद्धा गारठून गप्प.

तेराव्यात यादिएल तिसऱ्या बेसवर,
समोर टिब्स. धड मारलाही नाही त्यानं,
बॅट नुसती आडवी केली,
आणि चेंडू दुसऱ्या बेसच्या मागे पडला
दोरीवरनं रुमाल निसटावा तसा.
यादिएल पोटावर घसरत घरी.

फुटला.

एकाची पाटी माझ्या हातात होती.
लावायची होती. तेवढंच तर माझं काम.

'पेल्टन गॅझेट'च्या पहिल्या पानावर फोटो आहे:
पोरं एकमेकांच्या अंगावर पडलेली,
हॅल्वर्सन रडतोय की हसतोय कळत नाही,
मागे लांब फलक,
हेरन्सच्या ओळीत भोपळा, भोपळा,
आणि एकाच्या जागी
एका बाईचं तोंड, उघडं.

वँडानं तो कापून तिकीटखिडकीत चिकटवलाय.
पाटी माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर आहे अजून.
एप्रिलच्या आत परत लावायला हवी खिळ्याला.